उभ्यानं ऐकायची मैफल

लंडनचा 'प्रॉम्स' हा उन्हाळी संगीत महोत्सव ऐकून आल्यापासून मुदखेडच्या स्टेशनवर, नांदेडच्या लग्नात, लातूरच्या पाहुण्यांकडं, जिथं जावं तिथं एकच विचारणा होते: हे जमवलं कसं? फुलशेती करणारा, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारा माणूस कुठल्याही पॅकेज टूरशिवाय तिकडचा वाद्यमेळ ऐकायला जातो, याचं लोकांना नवल वाटतं. माझं म्हणणं असं की हा महोत्सव आपल्यासारख्यांसाठीच सुरू झाला. ज्यांच्या मनात आहे त्यांनी जावं. त्यांच्यासाठी अनुभवातून उमगलेलं इथं सांगतो.

१. आधी मैफल ठरवा, मग विमान.

आपल्याकडं उलटं चालतं. आधी तिकीट काढायचं, मग तिथं काय काय बघायचं ते शोधायचं. गाण्यासाठी जायचं असेल तर एक संध्याकाळ पक्की करा आणि तिथून मागं मोजत या. प्रॉम्स जुलैच्या मध्याला सुरू होतो आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी संपतो. या आठ आठवड्यांत जवळजवळ रोज संध्याकाळी मैफल असते. एप्रिलमध्ये कार्यक्रम जाहीर होतो, मे महिन्यात तिकीटविक्री सुरू होते. यादी बारकाईनं वाचा, कारण तिथं फक्त पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतच असतं असं नाही. १५ ऑगस्ट २०१७ रोजी, स्वातंत्र्याला सत्तर वर्षं झाली त्या दिवशी, पंडित रविशंकर आणि फिलिप ग्लास यांचं 'पॅसेजेस' तिथं वाजलं आणि सतारीवर अनुष्का शंकर होत्या.

२. शेतीचं पंचांग समोर ठेवा.

मृगात पेरणी, मग कोळपणी, खुरपणी. हे टाकून कुणी जाऊ शकत नाही. आमच्या फुलवाल्यांचं गणित आणखी वेगळं. आषाढात लग्नं नसतात, फुलाला उठाव नसतो. श्रावण लागला की भाव चढतो आणि मग पोळा, महालक्ष्म्या, दसरा संपेपर्यंत दम घ्यायला फुरसत मिळत नाही. म्हणून आषाढी एकादशी झाल्यापासून श्रावणाचे पहिले दिवस जाईपर्यंतचा काळ मला सोयीचा. नोकरदारांना रजा बघावी लागते, आपल्याला तोडणी बघावी लागते. मागं तोडणीला कोण उभं राहणार आणि अडत्याशी कोण बोलणार, हे विमानाच्या तिकिटाआधी ठरलेलं बरं.

३. कागदपत्रांना सगळ्यांत जास्त वेळ द्या.

पासपोर्टचं काम आता नांदेडच्या पोस्टातल्या केंद्रात होतं, त्यासाठी लांब जायची गरज नाही. ते कार्यक्रम जाहीर व्हायच्या आधीच, हिवाळ्यात उरकून घ्या. ब्रिटनच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी करता येतो आणि निकाल साधारण तीन आठवड्यांत येतो. म्हणजे एप्रिलमध्ये यादी आली, मे महिन्यात अर्ज केला, तर जुलै गाठता येतो. पासपोर्टच हातात नसेल तर यातलं काहीच जुळत नाही.

अर्ज तपासणाऱ्याला मुख्यतः दोन गोष्टी बघायच्या असतात: खर्च कोण करणार आणि हा माणूस परत येणार का. पगारदार माणूस पगाराची पावती जोडतो. शेतकऱ्यानं काय जोडायचं, हा खरा प्रश्न. माझं उत्तर असं: सातबारा, आठ अ, बँकेच्या खात्याचा सहा महिन्यांचा उतारा आणि फुलाच्या हिशोबपट्ट्या. आमचा काकडा नि मोगरा हैदराबादच्या गुडीमलकापूर बाजारात जातो. तिथल्या अडत्याच्या पट्ट्या मी तारखेनं लावून ठेवतो. पट्टीवरची रक्कम आणि खात्यात जमा झालेली रक्कम एकमेकींशी जुळली की तोंडी सांगण्यासारखं फारसं काही उरत नाही.

सातबारा मराठीत असतो आणि इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदाबरोबर प्रमाणित भाषांतर लागतं. भाषांतर मुळाबरहुकूम आहे असं लिहून भाषांतरकारानं खाली आपलं नाव, सही, तारीख आणि पत्ता-फोन द्यायचा असतो. त्याच्याकडं जाताना पासपोर्टची झेरॉक्स न्या. सातबाऱ्यावरचं नाव देवनागरीत असतं, त्यामुळं तो आपल्या मनानं इंग्रजी स्पेलिंग करतो आणि एकाच माणसाची दोन नावं तयार होतात. 'गोविंदराव'मधला 'राव' एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरूनसुद्धा विचारणा होऊ शकते. लेक-जावई तिथं असतील तर त्यांचं निमंत्रणपत्र, राहत्या घराचा पुरावा आणि त्यांच्या पगाराचे कागद जोडा. आमची लेक लंडनला नोकरी करते. ती फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही मैफलीची तारीख सांगा, घराचे कागद मी पाठवते." तिनं ते आठवड्यात पाठवलेही.

४. मुंबईचा हट्ट सोडा.

परदेश म्हटलं की मुंबई, अशी आपली समजूत. मुदखेड जंक्शनवरून हैदराबाद कितीतरी जवळ. पहाटे अजिंठा एक्सप्रेस धरली की सकाळी हैदराबादचं काचीगुडा स्टेशन. ब्रिटनचं व्हिसा अर्ज केंद्र तिथं आहे, बोटांचे ठसे तिथं देता येतात आणि लंडनला थेट विमानही तिथून आहे. मराठवाड्याच्या या टोकाला राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

५. कान तयार करून जा.

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आपला कान रागाला आणि तालाला सरावलेला असतो. तिकडं एका वेळी ऐंशी-नव्वद माणसं वाजवतात आणि सगळं लिहिलेलं असतं. पहिल्यांदा ऐकताना नुसता गलका वाटू शकतो. म्हणून एकच रचना निवडा आणि ती महिनाभर ऐका, शेतात जाता-येता, फुलं तोडताना.

मी बेथोव्हनची सहावी सिंफनी निवडली. तिला 'पास्टोरल' म्हणतात, म्हणजे गावशिवाराची. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात ती पहिल्यांदा वाजली तेव्हा बेथोव्हनला ऐकू येणं बरंच कमी झालं होतं. पाच भाग, सगळे मिळून साधारण चाळीस मिनिटं. पहिल्यात शिवारात पोचल्याचा आनंद, दुसऱ्यात ओढ्याकाठची जागा, तिसऱ्यात गावकऱ्यांचा मेळा, चौथ्यात वादळ आणि पाचव्यात वादळ सरल्यावरचं मेंढपाळाचं गाणं. दुसऱ्या भागाच्या शेवटी बासरी, ओबो आणि क्लॅरिनेट तीन पक्ष्यांचे आवाज काढतात. त्या पक्ष्यांची नावं बेथोव्हननं स्वतः स्वरलिपीत लिहून ठेवली आहेत.

सतत ऐकल्यावर माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. टिंपनी, म्हणजे आपल्या नगाऱ्याच्या जातीचं वाद्य, या सिंफनीत फक्त वादळात वाजते. आधीच्या तिन्ही भागांत ती गप्प. हे ठाऊक असल्यामुळं प्रत्यक्ष मैफलीत माझी नजर त्या वादकावर खिळून राहिली. गावकऱ्यांचा नाच रंगात आला होता, सगळा मेळ वाजत होता आणि हा माणूस दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेला. मग चेलोंमध्ये लांबची गडगड सुरू झाली, व्हायोलिनवर पहिले थेंब पडले, त्यानं काठ्या उचलल्या आणि पहिला घाव घातला. लाकडी जमिनीतून तो घाव माझ्या तळपायांना कळला. ज्यानं एप्रिलमध्ये हरभऱ्याच्या खळ्यावर आभाळ काळं होताना बघितलंय त्याला या भागात काही समजावून सांगावं लागत नाही.

६. खुर्ची शोधू नका, उभं राहा.

रॉयल अल्बर्ट हॉल १८७१ साली बांधून झाला. पाच हजारांवर माणसं मावतील एवढी ती गोल इमारत आहे. प्रॉम्सच्या काळात व्यासपीठासमोरच्या खुर्च्या काढून टाकतात आणि ती सगळी जागा उभ्या श्रोत्यांसाठी मोकळी ठेवतात; वर गच्चीवजा गॅलरीतही उभं राहता येतं. दर मैफलीला अशा हजाराच्या आसपास जागा असतात आणि त्यांची तिकिटं बहुतेक त्याच दिवशी विकतात. अलीकडं दर ८ पौंड आहे, म्हणजे आपले नऊशे ते हजार रुपये. बसायच्या चांगल्या जागेला याच्या कितीतरी पट पडतात आणि तिथून वादक लांब दिसतात.

स्वस्ताई हा या महोत्सवाचा मूळ हेतू आहे. १० ऑगस्ट १८९५ रोजी रॉबर्ट न्यूमन यांनी हेन्री वूड या तरुण संगीतसंचालकाला घेऊन क्वीन्स हॉलमध्ये या मैफली सुरू केल्या. उभ्या जागेचा दर एक शिलिंग ठेवला, म्हणजे ज्यांनी कधी मोठा वाद्यमेळ ऐकला नव्हता त्यांनाही येता यावं. १९२७ पासून बीबीसीनं हा भार उचलला. मे १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल जळाला, तरी त्याच वर्षी मैफली अल्बर्ट हॉलमध्ये सुरू झाल्या आणि आजही तिथंच होतात. आजही महोत्सवाच्या काळात ऑर्गनसमोर वूड यांचा अर्धपुतळा असतो. उभ्या जागेत पाऊल टाकताना तो बघून घ्या. तुम्हाला कुणी कृपा म्हणून आत घेतलेलं नाही, तुमच्यासाठीच ही जागा ठेवलेली आहे.

दोन तास उभं राहायचं, मधे वीस मिनिटांची सुट्टी. गुडघे कुरकुरत असतील तर गॅलरी बरी, तिथं काही लोक सतरंजी टाकून बसतात. मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. बाहेर ऑगस्टमध्येही अंगावर जाकीट लागतं, आत मात्र गर्दीमुळं उकडतं, म्हणून काढता येईल असंच काही घाला.

आणि गप्प राहा. आपल्याकडं समेवर मान डोलते, तोंडून 'क्या बात है' निघतं, गवयालाही ते हवं असतं. तिथं रचना चालू असताना श्वास ऐकू येईल एवढी शांतता असते. दाद शेवटी द्यायची आणि मग हात दुखेपर्यंत द्यायची.

७. पिशवीत काय भरू नये.

दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, खव्याचे पेढे नाहीत. लेकीसाठी कारळाची नि शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ, काळा मसाला न्या. मोगऱ्याचा गजरा न्यावासा वाटेल, पण ताजी फुलं न्यायला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. रोजच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. प्रवासविमा काढाच, तिथलं इस्पितळ पाहुण्यांना मोफत नसतं.

८. मैफल संध्याकाळी, दिवस आपला.

उन्हाळ्यात तिथं रात्री नऊपर्यंत उजेड असतो. मोठी सरकारी संग्रहालयं मोफत बघता येतात आणि त्यांतली काही अल्बर्ट हॉलपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पण एक सकाळ किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरासाठी राखून ठेवा. १९२१-२२ मध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं राहत होते. महाराष्ट्र शासनानं २०१५ मध्ये ते घर घेतलं आणि तिथं स्मारक केलं. औरंगाबादला बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयामुळं मराठवाड्यातल्या किती घरांत पहिला पदवीधर झाला, हे ज्याला ठाऊक आहे तो त्या जिन्यावर आपोआप थांबतो. मराठी बोलायची हुक्की आली तर १९३२ पासून चालू असलेलं लंडनचं महाराष्ट्र मंडळ आहेच.

९. ऐकणारं माणूस सोबत न्या.

नुसतं फिरायला येणारं माणूस तिसऱ्या दिवशी बाजारहाटाला ओढतं. आमच्या घरातून मंडळी आल्या त्या आधी मेंढपाळाचं गाणं पाठ करूनच. मैफलीनंतर साउथ केन्सिंग्टनच्या भुयारी रेल्वेकडं चालताना त्यांनी शेवटच्या भागातली धून गुणगुणली आणि शेजारून जाणाऱ्या एका म्हाताऱ्या इंग्रज बाईंनी ती पुढं उचलली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दोघी स्टेशनच्या दारापर्यंत सोबत चालल्या. आता आमच्या घरात बेथोव्हनची नववी लागलेली असते, शेवटी मोठा कोरस असलेली, आणि एप्रिलमध्ये यादी आली की ती कुठल्या तारखेला आहे ते आधी बघायचं असं ठरलंय. पासपोर्ट दहा वर्षं चालतो.