शिक्का मागच्या बाजूला

विरार पूर्वेला नाल्याच्या संरक्षक भिंतीचं काम होतं. घराजवळचं म्हणून निविदा अंदाजपत्रकापेक्षा साडेबारा टक्के बिलो भरली. कागदपत्रांचा पहिला लिफाफा उघडला आणि आम्ही बाद. शेरा दोनच शब्दांचा, 'प्रतिज्ञापत्र अपूर्ण'.

त्याच संध्याकाळी नवघरच्या टपरीवर मी चारचौघांत बोलून बसलो, "सेटिंग आहे." मग तक्रारअर्ज, एका पुढाऱ्याचं पत्र, शेवटी फोर्टमधले वकील. त्यांनी माझी कहाणी अर्ध्यावर तोडली आणि आम्हीच अपलोड केलेली फाईल मागितली. त्यात प्रतिज्ञापत्राची एकच बाजू होती. नोटरीचा गोल शिक्का मागे होता, आणि ऑफिसातल्या पोराने स्कॅन करताना कागद उलटलाच नव्हता.

वकिलांनी 1994 च्या टाटा सेल्युलर खटल्याचा निकाल समजावला. कोर्ट बघतं ते निर्णय कसा घेतला हे. तो बरोबर की चूक, यात सहसा शिरत नाही. शिवाय 2018 च्या कायदेदुरुस्तीनंतर रस्ते, पाणी, गटारं अशा कामांना दिवाणी कोर्टातून स्थगिती मिळवणं फार अवघड. तोवर सोळा दिवस गेले होते. कार्यादेश निघून नाल्यात जेसीबीही उतरला होता.

आता शेरा आला की मी आधी स्वतःची फाईल उघडतो, आणि त्याच दिवशी लेखी कारण मागतो. माहिती अधिकाराला तीस दिवस लागतात. ती माहिती पुढच्या निविदेला कामी येते, हातातल्या नाही. दर उघडल्यावर आपला नंबरही मोजावा. तिसरे असाल तर पहिल्याला पाडून फायदा दुसऱ्याचा, वकिलाची फी तुमची. अट जाचक वाटली तर प्री-बिड बैठकीतच लेखी द्यावं. निविदा भरून झाल्यावर अटीविरुद्ध गेलात तर कोर्टही विचारतं, मग भरली कशाला?

तरी एकदा भांडलो. मी दुसरा होतो, आणि पहिल्याचा तशाच कामाचा दाखला निविदेत मागितलेल्या रकमेपेक्षा कमीचा होता. तिसऱ्या दिवशी, कार्यादेश निघायच्या आत, निविदा काढणाऱ्या कार्यालयाला एकपानी पत्र दिलं. सोबत त्यांच्याच निविदेतलं अटीचं पान जोडून ती ओळ अधोरेखित केली. पोचवर आवक क्रमांक पडेपर्यंत खिडकीवरून हललो नाही. पत्रात 'सेटिंग' हा शब्द नव्हता.