गाडी कोणी पाडली?

घरात मोटारसायकल एक आणि चालवणारे तिघे, असे चित्र नागपुरात घरोघरी दिसते. सकाळी वडील ती कामावर नेतात, दुपारी ताई बँकेत जाऊन येते आणि संध्याकाळी कॉलेजात जाणारा धाकटा भाऊ ती घेऊन मित्राकडे जातो. समजा, जुलै महिन्यातील एका सकाळी अंगणातल्या गाडीचा डावा आरसा फुटलेला, डावा इंडिकेटर मोडलेला, क्लचची दांडी वाकलेली आणि पेट्रोलच्या टाकीला डावीकडून पोचा आलेला आढळला. "मी लावली तेव्हा धड होती," असे तिघेही सांगतात. अशा वेळी घरचे सगळे कोणाकडे पाहतात? अर्थातच धाकट्याकडे! तुमचे गाडी चालवण्याचे वय अजून झाले नसेल, पण आळ येण्याचे वय मात्र झालेले असते. तेव्हा निवाडा करण्यापूर्वी पदार्थविज्ञानाची साक्ष कशी काढावी, ते आपण पाहू.

एडमंड लोकार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१० साली लिआँ शहरात पोलिसांसाठी प्रयोगशाळा सुरू केली. दोन वस्तूंचा संपर्क झाला की दोन्हींवर काही ना काही खूण उरते, हे गुन्हे-अन्वेषणातील तत्त्व त्याच्या नावाने ओळखले जाते. आपल्या गाडीलाही ते लागू पडते. तिला क्रमाने चार प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न : इजा कोणत्या बाजूला?

साऱ्या खुणा डावीकडे आहेत. आपल्याकडील मोटारसायकलींचा बाजूचा स्टँड डावीकडेच असतो आणि उभी गाडी त्याच बाजूला कललेली असते. म्हणून डावीकडची इजा पाहताच उभी गाडी पडल्याची शक्यता मनात आणली पाहिजे. परंतु चालती गाडीही डावीकडे पडू शकते. तेव्हा एवढ्यावरून निर्णय करता येणार नाही.

दुसरा प्रश्न : ओरखडे कसे आहेत?

गाडीचे वस्तुमान ११२ किलोग्रॅम धरू. उभी गाडी पडताना तिचा गुरुत्वमध्य सुमारे २५ सेंटिमीटर खाली येतो. या पडण्यात मोकळी होणारी ऊर्जा ११२ × ९.८ × ०.२५, म्हणजे सुमारे २७४ ज्यूल. हीच गाडी ताशी ३० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे ३,९०० ज्यूल भरते. ती पहिलीच्या चौदापट झाली! ही ऊर्जा घर्षणात खर्च व्हावी लागते. धातू आणि रस्ता यांचा घर्षणांक ०.५ धरला तर गाडी सुमारे ७ मीटर घसरत जाईल. वेग दुप्पट असेल तर हे अंतर चौपट होईल.

सात मीटर घासलेली वस्तू ते लपवू शकत नाही. फूटरेस्टचे टोक आणि क्लचच्या दांडीचा गोळा कानशीने घासावा तसा सपाट होतो, आणि पुढून मागे जाणारे लांब, समांतर ओरखडे उमटतात. उभी गाडी पडली तर पोचा येतो, काच फुटते, दांडी वाकते; लांब ओरखडे मात्र नसतात. शिवाय दुसऱ्या वाहनाने धक्का दिला असेल, तर त्याचा रंग पोच्यावर सापडतो आणि पोच्याची उंची त्या वाहनाच्या बंपरशी जुळते.

तिसरा प्रश्न : इजा किती जुनी?

क्लचची दांडी ॲल्युमिनियमची असते. तिच्यावर तांबूस गंज चढत नाही, म्हणून तिची साक्ष इथे निरुपयोगी. फूटरेस्ट पोलादी असतो. त्याचा रंग खरवडून उघडा पडलेला धातू चकचकीत असेल तर इजा ताजी. पावसाळ्यात असा धातू एक-दोन दिवसांतच तांबूस दिसू लागतो, तर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्याला बराच अधिक वेळ लागतो. म्हणून गंज पाहताना महिना विसरू नये. इंडिकेटरच्या तड्यात धूळ बसली आहे का, तेही भिंगातून पाहावे.

चौथा प्रश्न : जमीन काय सांगते?

समजा, ओरखडे लांब नाहीत आणि धातू चकचकीत आहे. मग गाडी लावली होती तिथली जमीन पाहा. विदर्भातील काळी माती ही बेसाल्ट खडकापासून तयार झालेली आहे. उन्हाळ्यात ती आकसते आणि तिला भेगा पडतात. पावसात ती पाणी शोषून फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. आता हिशेब करू. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच आहे आणि गाडी १० अंश कलली आहे. म्हणजे तो चाकांच्या रेषेपासून सुमारे ९ सेंटिमीटर बाजूला गेला. स्टँडचे टोक त्या रेषेपासून ३० सेंटिमीटर दूर आहे. तरफेच्या नियमाने स्टँडवरील भार ११२ × ९ ÷ ३०, म्हणजे जवळजवळ ३४ किलोग्रॅम. टोकाचे क्षेत्रफळ ८ चौरस सेंटिमीटर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरवर चार किलोग्रॅमहून अधिक दाब पडतो. पन्नास किलोग्रॅम वजनाचा मुलगा एका पायावर उभा राहिला, तरी त्याच्या तळव्याखालचा दाब याच्या बाराव्या हिश्शाएवढाच असतो.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. स्टँड ५ सेंटिमीटर रुतला की गाडी सुमारे २० अंश कलते, गुरुत्वमध्य १७ सेंटिमीटर बाजूला जातो आणि स्टँडवरील भार ६३ किलोग्रॅम होतो. रुतल्यामुळे भार वाढतो आणि भार वाढल्यामुळे स्टँड आणखी रुततो. गुरुत्वमध्यातून काढलेली लंबरेषा स्टँडच्या टोकापलीकडे गेली की गाडी आडवी! हे सारे रात्रीच्या पावसात हळूहळू घडते. गाडी लावणाऱ्याने ती धडच पाहिलेली असते. पहाटे दूधवाल्याने ती उचलून भिंतीला टेकवली, तर घरच्यांना दिसते ते केवळ नुकसान. जमिनीत स्टँडचा खोल, तिरपा खड्डा सापडला, तर धाकटा खरे बोलत होता असे मानायला भक्कम आधार मिळतो.

डांबरही असाच दगा देऊ शकते. नागपुरात मे २०१३ मध्ये ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती, आणि ते सावलीतील हवेचे तापमान होते. नवतपातील दुपारी काळा रस्ता हवेपेक्षा पुष्कळच अधिक तापतो, आणि रस्त्याचे डांबर साधारण पन्नास अंशांच्या आसपास मऊ होऊ लागते.

साक्षींचा ताळा

एका खुणेवर विसंबू नका. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले. शहरातील इतर केंद्रांशी त्याचा मेळ बसेना. तपासणी करून हवामान खात्याने संवेदक बिघडल्याचे सांगितले. गाडीच्या बाबतीतही बाजू, ओरखडे, गंज आणि खड्डा या चारही साक्षी जुळल्या तरच निष्कर्ष काढावा. त्या उलट बोलल्या, फूटरेस्ट घासून सपाट झालेला निघाला, तर तेही तितक्याच सरळपणे मान्य करावे. गाडी कोणी मुद्दाम ढकलली का, हे मात्र या खुणा सांगू शकणार नाहीत.

ही चौकशी केवळ न्यायासाठी नाही. पडलेल्या गाडीचे हँडल किंवा पुढचा फोर्क किंचित वाकलेला असू शकतो, पेट्रोल झिरपत असू शकते. रागावतील या भीतीने एकाने पडल्याचे लपवले, तर दुसऱ्या दिवशी तीच गाडी घेऊन ताई रहदारीत जाते. म्हणून "कोणी पाडली?" असे दरडावण्याऐवजी "काय झाले, ते पाहू या," असे म्हणणारे घर अधिक सुरक्षित असते. आणि पावसाळ्यात स्टँडखाली फरशीचा तुकडा ठेवावा.

करून पाहा : १० सेंटिमीटर लांब व तेवढ्याच रुंद फरशीच्या तुकड्यावर स्टँड टेकवला, तर ३४ किलोग्रॅम भाराने जमिनीवर किती दाब पडेल? तो आधीच्या दाबाचा कितवा हिस्सा आहे? ओल्या मातीच्या परातीत एक पेन्सिल टोकाकडून आणि दुसरी नाण्यावर टेकवून सारख्याच जोराने दाबा आणि आपले उत्तर पडताळा.