डोळ्यातील कुसळ आणि पारपटलाचा व्रण : तपासणी करूनच उपचार का करावा?

सुगीच्या दिवसांत डोळ्यात कुसळ जाणे, उसाचे पाते लागणे किंवा मळणीचे भूस उडून डोळा चुरचुरणे या गोष्टी शेतकऱ्याच्या नित्य परिचयाच्या आहेत. बहुतेक वेळा डोळ्यातून पाणी येऊन कुसळ वाहून जाते आणि दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा कामास लागतो. त्यामुळे अशा इजेकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. परंतु याच क्षुल्लक वाटणाऱ्या ओरखड्यातून काहींच्या डोळ्यात व्रण उत्पन्न होतो आणि वेळेवर योग्य उपचार न झाल्यास त्या डोळ्याची दृष्टी कायमची जाते. कर्त्या माणसाचा एक डोळा गेला म्हणजे त्याच्या संसाराचीही मोठी हानी होते.

ही हानी पुष्कळ अंशी टाळता येण्याजोगी आहे. त्यासाठी दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. ओरखडा उठल्यास पहिल्या दिवशीच उपचार करून घ्यावा, ही पहिली गोष्ट. व्रण झालाच तर तो कोणत्या जंतूमुळे झाला हे प्रयोगशाळेत तपासून मगच त्यावर औषध योजावे, ही दुसरी.

पारपटल आणि त्यावरील इजा

डोळ्याच्या काळ्या भागापुढे घड्याळाच्या काचेप्रमाणे एक पारदर्शक पडदा असतो. त्यास पारपटल म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच तो स्वच्छ राहतो व त्यातून प्रकाश आत जातो. याच्या पृष्ठभागावर पेशींचे पातळ आवरण असते. हे आवरण शाबूत असेपर्यंत बहुतेक जंतूंना आत शिरकाव करता येत नाही. कुसळाने, पात्याने किंवा काडीने ते खरवडले गेले म्हणजे मात्र जंतूंना वाट मोकळी होते.

ओरखडा लहान व स्वच्छ असेल तर तो एक-दोन दिवसांत भरून येतो. जंतू शिरले असल्यास तेथे पांढरट किंवा करडा डाग दिसू लागतो. डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड सहन होत नाही, पाणी गळते व नजर अंधुक होते. हाच पारपटलाचा व्रण होय. तो बरा झाला तरी त्या जागी पुष्कळदा पांढरा वण राहतो. खेड्यांत त्यास ‘फूल पडणे’ म्हणतात. फूल मध्यभागी पडल्यास दृष्टी जाते. व्रण खोल गेल्यास पारपटलास छिद्र पडून डोळाच गमावण्याची वेळ येते. ‘डोळे येणे’ हा साथीचा विकार यापासून भिन्न आहे. त्यात बहुधा दोन्ही डोळे लाल होऊन चिकटतात, परंतु बुबुळावर पांढरा डाग नसतो व नजर सहसा शाबूत राहते.

शेतातील बुरशी आणि डोळ्यातील बुरशी

व्रण उत्पन्न करणारे जंतू मुख्यतः दोन प्रकारचे असतात, जिवाणू व बुरशी. तुरीवर व हरभऱ्यावर पडणारा मर रोग शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे. तो फ्युजेरियम या वर्गातील बुरशीमुळे होतो. भुईमुगाच्या ओलसर शेंगांवर पिवळट हिरवी बुरशी धरते, ती ॲस्परजिलस वर्गातील असते. याच दोन वर्गांतील बुरशी भारतात पारपटलाच्या व्रणात वारंवार आढळतात. त्यांचे बीजाणू मातीत, पाचटात, भुसात व धान्याच्या धुळीत सर्वत्र असतात. कुसळ डोळ्यात जाते तेव्हा ते ओरखडा तर काढतेच, शिवाय बुरशीचे बीजही त्या जखमेत पेरते.

शेतकाम व हा रोग यांचा संबंध फार पूर्वीच लक्षात आला होता. १८७९ साली जर्मनीतील नेत्रवैद्य थिओडोर लेबर यांनी पारपटलाच्या बुरशीजन्य व्रणाचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचा रुग्ण शेतावरील मजूर होता. मळणी चालू असता ओट धान्याचे तूस उडून त्याच्या डोळ्यास लागले होते आणि त्याच्या व्रणात ॲस्परजिलस बुरशी सापडली.

मदुराई व भक्तपूर येथील संशोधन

आपल्या देशात या रोगाचा पद्धतशीर अभ्यास तामिळनाडूतील मदुराई येथे झाला. मदुराई जिल्ह्यात १९९३ साली दर लाख लोकसंख्येमागे ११३ जणांना पारपटलाचा व्रण झाल्याचे आढळले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या एका परगण्यात दिसून आलेल्या प्रमाणाच्या हे सुमारे दहापट होते. पुढे १९९४ च्या पहिल्या तीन महिन्यांत तेथील अरविंद नेत्र रुग्णालयात आलेल्या ४३४ व्रणरुग्णांची पाहणी करण्यात आली. त्यांपैकी २८४ जणांना, म्हणजे शंभरांत सुमारे ६५ जणांना, आधी डोळ्यास इजा झाली होती. २९७ जणांच्या नमुन्यातून प्रयोगशाळेत जंतू वाढले. त्यांपैकी १४० जणांत केवळ जिवाणू, १३९ जणांत केवळ बुरशी, १५ जणांत दोन्ही आणि तिघांत ॲकँथअमीबा हा सूक्ष्म प्राणी आढळला. म्हणजे जिवाणू व बुरशी यांचे प्रमाण जवळजवळ समसमान होते. यावरून निव्वळ अंदाजाने औषध देण्यात किती धोका आहे हे कळून येईल.

इजा झाल्याबरोबर उपचार केल्यास काय लाभ होतो, हे नेपाळातील भक्तपूर येथील पाहणीने दाखवून दिले. या दोन वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. ओरखडा उठलेल्या ४४२ जणांच्या डोळ्यांत क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम तीन दिवस घालण्यात आले. त्यांतील ४२४ जणांचा ओरखडा जंतुसंसर्ग न होता भरून आला. उपचारास लागलेल्या वेळाप्रमाणे पडलेला फरक पुढीलप्रमाणे होता :

(१) १८ तासांच्या आत उपचार सुरू झाला असे २८४ जण. त्यांपैकी एकासही व्रण झाला नाही.

(२) १८ ते २४ तासांत आलेले १०९ जण. त्यांपैकी चौघांना संसर्ग झाला.

(३) २४ ते ४८ तासांत आलेले ४९ जण. त्यांपैकी १४ जणांना संसर्ग झाला.

एका दिवसाच्या विलंबाने केवढा फरक पडतो हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. मात्र येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. नेपाळातच पुढे गावांचे गट पाडून स्वयंसेविकांमार्फत मलम देण्याची मोठी चाचणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. तीत मलमाची सोय असलेल्या व नसलेल्या गावांतील व्रणांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. तेव्हा गावात मलम ठेवले म्हणजे आपले काम झाले असे मानू नये. इजा झालेला प्रत्येक माणूस त्याच दिवशी पुढे येईल व व्रणाची शंका असलेला प्रत्येक रुग्ण रुग्णालयात पोहोचेल, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

प्रयोगशाळेत काय करतात?

मातीचे परीक्षण करून खताची मात्रा ठरवावी, हे आता शेतकऱ्यांस सांगावे लागत नाही. डोळ्याच्या व्रणाचेही तसेच आहे. व्रण पाहूनच तो बुरशीचा की जिवाणूचा हे तज्ज्ञ ओळखू शकत नाहीत काय, असे कोणी विचारील. बुरशीचा व्रण पुष्कळदा कोरडा, खडबडीत व पिसासारख्या कडांचा असतो, हे खरे. परंतु २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ पारपटल-तज्ज्ञांना ८० व्रणांची छायाचित्रे दाखविण्यात आली असता, त्यांचे निदान शंभरांपैकी सुमारे ६६ वेळाच बरोबर ठरले. तज्ज्ञांची ही स्थिती, तर औषधाच्या दुकानदाराने दिलेल्या थेंबांवर किती विसंबावे याचा विचार ज्याने त्याने करावा.

तपासणीची रीत अशी असते. प्रथम डोळ्यात बधिर करणारे थेंब घालतात, त्यामुळे रुग्णास वेदना होत नाहीत. नंतर डॉक्टर निर्जंतुक पात्याने व्रणाच्या कडेचा व तळाचा अगदी अल्प अंश खरवडून घेतात व काचपट्टीवर पसरतात. एका काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. त्यामुळे पेशींचा गाळ विरघळून स्वच्छ होतो आणि बुरशी असल्यास तिचे धागे सूक्ष्मदर्शक यंत्रातून दिसू लागतात. दुसरी काचपट्टी ग्रॅमच्या पद्धतीने रंगवितात. तिच्यावर काही जिवाणू जांभळे तर काही गुलाबी दिसतात व त्यावरून त्यांचा गट ठरविता येतो. या दोन्ही परीक्षा थोड्याच वेळात होतात. त्यामुळे उपचाराची दिशा बहुधा त्याच दिवशी कळते.

खरवडलेला उरलेला अंश जंतू वाढविण्यासाठी पोषक माध्यमावर पेरतात. जिवाणूंसाठी रक्त मिसळलेले आगर व बुरशीसाठी सॅबोरो माध्यम वापरतात. पेरणी इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या ओळींत करतात. जंतू त्या ओळीवरच उगवले तर ते व्रणातील समजावयाचे, ओळीबाहेर उगवले तर हवेतून पडलेले समजावयाचे. पेरलेल्या ओळीतील रोप व आपोआप उगवलेले तण यांत शेतकरी जो भेद करतो, तोच हा भेद होय. जिवाणू बहुधा एक-दोन दिवसांत वाढतात. बुरशीस अधिक काळ लागू शकतो, म्हणून तिची पेरणी सुमारे दोन आठवडे राखून ठेवतात. वाढलेल्या बुरशीचे बीजाणू पाहून तिचा वर्ग ठरवितात. फ्युजेरियमचे बीजाणू विळ्यासारखे वाकडे असतात, तर ॲस्परजिलसचे गोलसर बीजाणू देठाच्या टोकावरील फुगीर भागाभोवती माळांप्रमाणे लागलेले दिसतात.

आधीच निरनिराळी औषधे घातली गेली असल्यास जंतू माध्यमावर न वाढण्याचा संभव असतो. यास्तव व्रणाची शंका येताच, दुकानातून औषध आणून घालण्यापूर्वी, रुग्णास नेत्र रुग्णालयात पाठवावे. पूर्वी काही औषधे घातली असल्यास त्यांच्या बाटल्या सोबत द्याव्यात.

योग्य औषध व घातक औषध

जिवाणूवरील औषधाने बुरशी मरत नाही आणि बुरशीवरील औषधाने जिवाणू मरत नाहीत. धागेदार बुरशीच्या व्रणावर नाटामायसिन व व्होरिकोनाझोल या दोन औषधांची तुलना भारतातील ३२३ रुग्णांवर करण्यात आली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे नाटामायसिन अधिक गुणकारी ठरले आणि फ्युजेरियमच्या व्रणांत हा फरक विशेष दिसला. बुरशीचा प्रकार ओळखण्यास किती महत्त्व आहे हे यावरून ध्यानात येईल. हा उपचार चिकाटीचा आहे. प्रारंभी दिवसा दर तासास थेंब घालावे लागतात व औषध कित्येक आठवडे चालते. ठणका थांबला म्हणून रुग्णाने मध्येच औषध सोडू नये.

स्टेरॉइड असलेले थेंब मात्र विशेष धोक्याचे आहेत. ते घातल्यावर डोळ्याची लाली व ठणका काही काळ कमी होतो, त्यामुळे रुग्णास बरे वाटते. परंतु त्यांमुळे शरीराची प्रतिकारशक्ती त्या जागी दबते व बुरशी आत खोलवर पसरते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय असे थेंब कोणीही घालू नयेत. शेजाऱ्यास दिलेली बाटली आपल्या डोळ्यासाठी मागून आणू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे?

१. सुगीपूर्वी गावातील सभेत हा विषय समजावून सांगावा. मळणी, उफणणी व ऊसतोडणी करताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा वापरण्याचा आग्रह धरावा.

२. डोळ्यात कुसळ किंवा धूळ गेल्यास डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावा. कुसळ रुतलेले असल्यास ते पदराच्या टोकाने, जिभेने किंवा काडीने काढण्याचा प्रयत्न करू नये.

३. दूध, मध, एरंडेल, पाल्याचा रस किंवा तुरटीचे पाणी डोळ्यात घालू नये. यांतून नवे जंतू आत जातात.

४. चुरचुर थांबली नाही, तर त्याच दिवशी आशा कार्यकर्ती अथवा प्राथमिक आरोग्य केंद्र यांची मदत घ्यावी. मलम आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्यानेच घालावे.

५. बुबुळावर पांढरा डाग, वाढता ठणका किंवा अंधुक नजर यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास विनाविलंब नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. डोळ्यावर घट्ट पट्टी बांधू नये.

६. टोकदार वस्तूने डोळा फुटल्याची शंका असल्यास तो धुऊ नये व दाबू नये. त्यावर दाब येणार नाही असे कठीण आवरण ठेवून रुग्णास ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

७. इजा कोणत्या दिवशी, किती वाजता व कशाने झाली हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. निदान करताना डॉक्टरांना या माहितीचा फार उपयोग होतो.

पिकावर रोग पडला असता तो कोणता हे पाहिल्याशिवाय जाणता शेतकरी फवारणी करीत नाही. पिकाच्या बाबतीत जी दक्षता आपण घेतो, तीच स्वतःच्या डोळ्याच्या बाबतीतही घ्यावी. पीक एका हंगामात गेले तरी पुढील हंगामात पुन्हा घेता येते. गेलेली नजर परत मिळविणे मात्र फार कठीण असते, आणि कित्येकदा ते साधतच नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. पारपटलाचा व्रण व डोळे येणे यांत कोणता फरक आहे?

२. औषध सुरू करण्यापूर्वी व्रणाचा नमुना घेणे इष्ट का असते?

३. स्टेरॉइडयुक्त थेंबांनी बरे वाटत असताही ते घातक का ठरतात?

४. आपल्या गावापासून सर्वांत जवळचे नेत्र रुग्णालय कोठे आहे व सुगीच्या दिवसांत तेथे रुग्णास त्याच दिवशी कसे पोहोचविता येईल?