कृषिपंपाच्या विजेचा दर कोण ठरविते?

बेगडेवाडीच्या शेतकऱ्यास वीज महावितरण पुरविते. परंतु तिचा दर ठरविण्याचा अधिकार १९९९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगास आहे. २००३ च्या विद्युत कायद्यानुसार लोकहिताच्या धोरणाबाबत शासन आयोगास निर्देश देऊ शकते; मात्र दरात सवलत द्यावयाची झाल्यास शासनास तिची रक्कम आगाऊ भरावी लागते, अन्यथा आयोगाचाच दर लागू होतो. ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांकरिता जाहीर झालेली मोफत वीज ही अशीच सवलत होय. सवलत संपताच ठरलेला दर बिलात येईल. म्हणून दरप्रस्ताव प्रसिद्ध होताच ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी तो चावडीवर वाचून दाखवावा व शेतकऱ्यांनी आपल्या हरकती मुदतीत आयोगाकडे लेखी पाठवाव्यात.