डळमळणे आणि दुभंगणे : ‘वेव्हर’ ह्या इंग्रजी क्रियापदाविषयी

याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात, सहाव्या वचनात, देवाजवळ मागताना संशय धरणाऱ्या मनुष्यास समुद्राच्या लाटेची उपमा दिली आहे. आपल्या मंडळ्यांतील जे तरुण शाळेत इंग्रजी शिकले, ते हेच वचन कधी कधी १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरात वाचतात. तेथे त्यांस ‘वेव्हर’ हे क्रियापद आढळते. कोशात पाहावे तर त्याचे अर्थ डळमळणे, हेलकावे खाणे, मनाचा निश्चय न होणे असे मिळतात. त्याच वाक्यात लाटेस ‘वेव्ह’ म्हटले आहे. तेव्हा ज्याचे मन लाटेप्रमाणे हलले त्याची प्रार्थना व्यर्थ, असा सरळ अर्थ ते करतात व घरी वडीलधाऱ्यांसही सांगतात. तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाशी बसून कापत्या अंतःकरणाने प्रार्थना करणाऱ्या मातेने हे ऐकले तर तिने काय समजावे? लेकरू दगावले तर दोष आपल्याच कापण्याचा, असेच ना? एका शब्दावर एवढे ओझे ठेवण्यापूर्वी त्याचे मूळ पाहणे अवश्य आहे.

‘वेव्हर’ हा शब्द समुद्रातून आलेला नाही. युरोपाच्या उत्तरेकडील लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेत ‘वाफ्रा’ असे क्रियापद होते. इकडून तिकडे हलणे, लवलवणे असा त्याचा भाव. त्यांच्या पुराणकथांत लवलवत्या ज्वाळेच्या कुंपणास ह्याच धातूपासून नाव दिलेले आहे. म्हणजे ह्या शब्दाजवळ आपल्या देवळीतल्या दिव्याचे चित्र अधिक जवळचे. ज्योत वाऱ्याने थरथरते, पण विझलेली नसते. लाट ह्या अर्थाचे ‘वेव्ह’ हे नाम तर इंग्रजीत १६ व्या शतकात रूढ झाले. हात हलविणे ह्या अर्थाचे जे जुने क्रियापद होते, त्याच्या ओढीने लाटेच्या पूर्वीच्या नावाचे रूप पालटले. ‘वेव्हर’ व ‘वेव्ह’ हे दूरचे नातलग असतील, मायलेक नव्हेत. ह्याच अर्थाचा इंग्रजीतील दुसरा, अधिक पंडिती शब्द ‘व्हॅसिलेट’. तो लॅटिनमधून आला, आणि तेथे त्याचा अर्थ झोकांड्या खाणे असा आहे. आपण ‘दोलायमान’ म्हणतो, त्याच्या मुळाशी संस्कृतातील दोला, म्हणजे झोपाळा, आहे. तीनही भाषांनी मनाची गोष्ट सांगण्यास देहाचे वा वस्तूचे हलणेच घेतले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

परंतु याकोबाने इंग्रजीत लिहिले नाही. त्याच्या ग्रीक वाक्यात लाटेचा शब्द व संशयाचा शब्द ह्यांत ध्वनीचेही साम्य नाही. त्याचे क्रियापद ‘दियाक्रिनो’. मूळ अर्थ वेगळे करणे, निवाडा करणे. सुपात धान्य व खडे वेगळे करावे तसे. तेच क्रियापद ह्या ठिकाणच्या रूपात मनुष्याने स्वतःविषयी वापरले म्हणजे आपणच आपल्याशी वेगळे होणे, आतून दोन पक्ष होणे, असा अर्थ निघतो. दोनच वचने पुढे, आठव्यात, याकोब अशा मनुष्यास ‘दिप्सुखोस’, म्हणजे दोन जिवांचा, म्हणतो. हा शब्द नव्या करारात त्याच्याच पत्रात दोन वेळा आहे, अन्यत्र नाही. इंग्रजी पंडितांसही ही अडचण दिसली असावी. १८८१ साली नव्या कराराचे सुधारलेले भाषांतर निघाले त्यात ‘वेव्हर’ काढून संशयवाचक शब्द घातला आहे.

तुमसर तालुक्यात बपेऱ्याकडे राहणाऱ्या वाचकास हा भेद समजावून देण्यास ग्रीक भाषेची गरज नाही. रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांचे ओझे डोक्यावर घेऊन बांधीच्या ओल्या धुऱ्यावरून चालणारी बाई पावलोपावली डगमगते. तिचे जाणे मात्र एकाच दिशेस असते. उलट, ज्याने एक पाय डोंग्यात व दुसरा काठावर ठेवला तो क्षणभर अगदी स्थिर दिसेल. वैनगंगेच्या पाण्याने डोंगा हलला म्हणजे त्याचे काय होते ते सांगावयास नको. याकोब बोलतो तो ह्या दुसऱ्याविषयी.

रोमकरांस पत्रात (४:२०) अब्राहामाविषयी हेच क्रियापद नकारार्थी येते: तो असा दुभंगला नाही. आणि हाच अब्राहाम, शंभराव्या वर्षी पुत्र होईल हे ऐकून, पालथा पडून हसला होता (उत्पत्ति १७:१७). मन हलले, माणूस दोन झाला नाही. कर्मेल डोंगरावर एलीयाने लोकांस विचारले तेथे (१ राजे १८:२१) इब्री क्रियापद लंगडण्याचे आहे, आणि पाच वचने पुढे बआलाचे पुजारी वेदीभोवती उड्या मारतात त्यासही तेच क्रियापद. एलीयाच्या बोलण्यातील बोचरा विनोद भाषांतरात पुष्कळसा हरवतो.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण रेव्ह. नारायण वामन टिळकांचे. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. बाप्तिस्मा मुंबईस १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. मधल्या काळात जात, आप्त व पत्नी ह्यांचा विचार त्यांस करावा लागला, आणि तो विचार काल्पनिक नव्हता. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० साली झाला. ह्या काळास कोणी डळमळीत म्हणेल. मला तो धुऱ्यावरून चालण्याचा काळ वाटतो.

उपदेशकांनी ह्या वचनावर बोलताना ‘डळमळणे’ टाकून ‘दुभंगणे’ वा ‘दुमनाचा’ हे शब्द योजावे, असे सुचवावेसे वाटते. पाण्यावर चालताना बुडू लागलेल्या पेत्रास प्रभूने विचारले तेथे (मत्तय १४:३१) आणखी निराळे क्रियापद आहे, ‘दिस्ताझो’, दोन ठिकाणी उभे राहण्याच्या कल्पनेवरून झालेले. पण त्या प्रश्नापूर्वीच प्रभूने त्याचा हात धरलेला होता. तो शब्द नव्या करारात आणखी एकदाच येतो: गालीलातील डोंगरावर, उठलेल्या प्रभूस नमन करणाऱ्यांपैकी कित्येकांस संशय वाटला तेथे (२८:१७). त्यांस वगळून इतरांस पाठविले, असे मत्तय लिहीत नाही.