आधी ब्रेक बघ

अगं वेडे, इम्युनॉलॉजीला ॲडमिशन मिळाली म्हणून पेढे वाटलेस आणि तिसऱ्याच आठवड्यात रडवेला फोन? सीडी-४, सीडी-८, आयएल-२, आयएल-६... एसटीच्या गाड्यांचे नंबर पाठ करतेय असं वाटतं म्हणालीस. माझंही तेच झालं होतं. पहिलं सेमिस्टर नुसतं घोकण्यात घालवलं आणि व्हायवाला ‘टी-पेशीतला टी कशाचा?’ एवढ्यावर माझी दातखीळ बसली.

टी थायमसचा. छातीच्या हाडामागची ही ग्रंथी कित्येक वर्षं निरुपयोगीच समजली जायची. १९६१ साली जॅक मिलर यांनी उंदरांच्या नवजात पिल्लांची थायमस काढली. पिल्लांच्या लिम्फोसाइट घटल्या, पुढे ती आजारी पडून दगावू लागली, आणि परक्या उंदराची कातडी लावली तरी त्यांच्या शरीराने ती नाकारली नाही. एवढी गोष्ट कळली की टी-पेशींची कामं वेगळी घोकावी लागत नाहीत. आणि बी? तो कोंबडीतल्या बर्सा या अवयवाचा. सस्तन प्राण्यांना बर्सा नसतोच, आपल्या बी-पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. नाव मात्र कोंबडीकडून आलेलं!

प्रॅक्टिकलचं नुसतं ऐकून भागत नाही. रक्तातून या पेशी वेगळ्या करायला फायकॉल या द्रवावर रक्त चढवशील तेव्हा नळी तिरपी धर, पिपेटचं टोक आतल्या बाजूला टेकव आणि अगदी सावकाश सोड. सेंट्रिफ्यूजमधून नळी बाहेर काढलीस की तळाशी लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा, आणि प्लाझ्माच्या खाली ढगासारखं पांढुरकं कडं. फायकॉलची घनता १.०७७, लिम्फोसाइट आणि मोनोसाइट त्याहून हलक्या, म्हणून तिथेच अडतात. एक मिली रक्तामागे साधारण दहा-वीस लाख. ते कडं पाहिलं आणि वहीतल्या नावांशी माझी खरी ओळख झाली.

तीही दुसऱ्या खेपेला हं. पहिल्या खेपेला सेंट्रिफ्यूजचा ब्रेक चालूच राहिला होता. यंत्र झटक्यात थांबलं, थर ढवळले, सकाळभराची मेहनत गढूळ झाली. मॅडम ओरडल्या नाहीत, ‘जे झालं तेच जर्नलमध्ये लिही’ म्हणाल्या. शेजारणीच्या जर्नलमधले आकडे उतरवायचा मोह तुलाही होईल. उतरवू नकोस. माझं ते फसलेलं पान मी अजून जपून ठेवलंय, बाकी जर्नल रद्दीत गेलं.

शुक्रवारी तुझं फायकॉल आहे ना? झाकण लावण्याआधी ब्रेक बघ. आणि कडं मिळालं की नाही, ते संध्याकाळी कळव.