व्यवहारातील पहिला निरोप : एक अभ्यास

आपल्या व्यवहारात 'ओळख' या शब्दाला फार मोठे स्थान आहे. नोकरी असो, सोयरीक असो की मालाची खरेदी-विक्री, "तिथे आपल्या ओळखीचे कोणी आहे का?" हा प्रश्न प्रथम विचारला जातो. ज्याची ओळख नाही त्याने काय करावे, याचा विचार मात्र फारसा होत नाही. प्रस्तुत लेखात तोच करण्याचे योजिले आहे.

आमचे कुरकुंभ पुणे–सोलापूर महामार्गावर, दौंड जंक्शनच्या जवळ आहे. फिरंगाई देवीचे हे गाव आज औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांमुळे अधिक परिचित आहे. कारखाना गावात असला तरी त्याची खरेदी पाहणारा अधिकारी गावकऱ्यांना भेटतोच असे नाही. आधी वेळ ठरविल्याशिवाय फाटकातून आत जाता येत नाही. रसायनांच्या ठिकाणी ही दक्षता आवश्यकच आहे. पण वेळ मागायची कोणाकडे? माझ्या मामांचा लाकडी पॅलेटचा लहानसा धंदा आहे व त्यांचा पत्रव्यवहार मी पाहतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्या अभ्यासाचा झाला.

याचे एक उत्तर 'लिंक्डइन'मध्ये सापडते. नोकरी-व्यवसायातील माणसांना जोडणारे हे संकेतस्थळ ५ मे २००३ रोजी सुरू झाले. २०१६ मध्ये ते मायक्रोसॉफ्ट कंपनीने विकत घेतले. येथे प्रत्येकजण आपले पद, अनुभव व कामाचे स्वरूप स्वतःच नोंदवितो. आपण जोडणीची विनंती पाठवावी, समोरच्याने ती स्वीकारली की त्यास थेट निरोप धाडता येतो.

अनोळखी माणूस आपल्याला का उत्तर देईल, अशी शंका येणे साहजिक आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला. आपल्या निकटच्या माणसांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी माहिती व नवी संधी येते ती दूरच्या ओळखीतून. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरील प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नोकरी मिळण्यास अगदी जवळच्या ओळखींपेक्षा मध्यम दूरच्या ओळखी अधिक उपयोगी पडतात, असे त्यात दिसून आले. हा अभ्यास नोकरीचा असला तरी मालाच्या व्यवहारासही त्यातून बोध घेता येतो.

आता प्रत्यक्ष निरोपाकडे वळू. "आम्ही उत्तम प्रतीचे पॅलेट स्वस्त दरात पुरवितो, एकदा सेवेची संधी द्यावी" असा मजकूर शंभर जणांना पाठविला तरी तो कोणा एकासाठी नसतो. म्हणून तो कोणी वाचत नाही. आता दुसरा पाहा :

"नमस्कार साहेब. मी कुरकुंभचाच रहिवासी. आपण निर्यातीच्या मालाचे पॅकिंग पाहता, असे आपल्या नोंदीत वाचले. त्यासाठी लागणारे शिक्क्याचे पॅलेट आपण बाहेरून मागविता की जवळपास मिळतात?"

यात तीन गोष्टी आहेत : मी कोण, आपल्यालाच का लिहितो, आणि एका ओळीत उत्तर देता येईल असा एक प्रश्न. दराचा उल्लेख नाही. प्रश्नामागे अभ्यासही आहे. परदेशी जाणाऱ्या लाकडी पॅलेटमधून कीड पसरू नये म्हणून आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्यावर प्रक्रिया करावी लागते. उष्णतेच्या पद्धतीत लाकडाचा गाभासुद्धा ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे राहावा लागतो. मगच शिक्का बसतो. हे जाणणारा माणूस कामाचा आहे, एवढे खरेदी अधिकारी लगेच ओळखतो.

उत्तर आले की प्रथम आभार मानावेत, विचारले असेल तेवढेच सांगावे आणि मग दहा मिनिटांची वेळ मागावी. उत्तर न आल्यास आठवड्याने एकदा नम्र आठवण द्यावी, त्यानंतर थांबावे. अधिकारी परप्रांतीय असेल तर त्याच्या सोयीच्या भाषेत लिहावे. यंत्राकरवी आपोआप निरोप पाठविणे लिंक्डइनच्या नियमांत बसत नाही. खोटी सलगीही करू नये. नोकरीच्या नावाखाली फसविणारे निरोप अनेकांना येतात; त्यामुळे वाचणारा आधीच सावध असतो.

आधी संवाद, मग विक्री ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे मुखपत्र म्हणून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. पुढे त्याचेच 'किर्लोस्कर' हे नामवंत मासिक झाले. कारखान्याचा माल न घेणाऱ्यासही वाचावेसे वाटेल, असे त्यात काही होते.

विद्यार्थी मित्रांनो, रसायनांच्या या वसाहतीत कला शाखेच्या पदवीला काय किंमत, असे आपल्याला वारंवार विचारले जाते. समोरच्याची भूमिका समजून घेणे, नेमका मायना योजणे, पाल्हाळ टाळून मोजक्या शब्दांत आशय मांडणे, हे आपण पत्रलेखन व सारांशलेखनात शिकतो. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या लहान व्यावसायिकाला आज नेमकी याचीच गरज आहे. ही विद्या परीक्षेपुरती न ठेवता आपल्या परिसरातील एखाद्या सुताराला, वाहतूकदाराला वा डबेवाल्या भगिनींना दिली, तर त्यांचेही काम होईल आणि आपल्यालाही काम मिळेल.